दीड पानाने वाचवलेले चौदा दिवस

एका डब्यात २४,५०० किलो बांगडा. ११ जूनला लिलावाच्या चाचणी-पावतीवर हे छापून आलं आणि मालवणहून फोन वाजला: "दादा, ह्यो डबो उचलूक किती माणसां लागतली?"

कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मासळी उतरवल्याच्या नोंदीचं स्पेसिफिकेशन तिसऱ्या मसुद्यात असताना वजन किलोत, दशांशासह लिहायचं होतं: २४.५. पाचव्या मसुद्यात ते ग्रॅममध्ये, पूर्णांकात गेलं: २४५००. दशांशचिन्हाच्या भानगडी टाळायला केलेला हा बदल योग्यच होता. लिलावाच्या गटाने मात्र तिसरा मसुदा धरून कोड लिहिला होता. पाचवा आलाय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी सहावा येणार नाही याची हमी कोण देणार होतं?

त्या डब्यापासूनच सुरुवात करतोय, कारण तोवर आपलं वेळापत्रक झकास चाललंय असं मी सगळ्यांना सांगत होतो.

काम काय होतं

रत्नागिरी ते मालवण पट्ट्यातल्या काही बंदरांवर मासळीची नोंद वहीतून मोबाइलवर आणायची आणि ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अर्थ न बदलता पोचवायची, एवढंच काम. नौका लागली की मासळीची उतरण, उतरण झाली की लिलाव, लिलावानंतर डबे बर्फात, त्यातला काही माल निर्यातीला. प्रत्येक टप्प्याचं सॉफ्टवेअर वेगळ्या गटाचं. एकमेकांचा कोड कुणी बघणार नव्हतं, त्यामुळे सगळी मदार मधल्या करारांवर: कुठली माहिती, कुठल्या नावाने, कुठल्या एककात, कुठल्या क्रमाने द्यायची. हे करार म्हणजे आमची स्पेसिफिकेशन्स, थोडक्यात स्पेक.

ती सहा होती. मासळीची कोडयादी, नौकेची ओळख, उतरण-नोंद, लिलाव-नोंद, डब्याचं लेबल आणि पकड प्रमाणपत्राची माहिती. शेवटच्याबद्दल थोडं सांगायला हवं. युरोपीय संघात जाणाऱ्या समुद्री मासळीसोबत १ जानेवारी २०१० पासून पकड प्रमाणपत्र लागतं. कुठल्या नौकेने, कुठल्या जातीची, किती मासळी पकडली हे त्यात येतं. आपल्याकडे ते एमपीडामार्फत, म्हणजे केंद्राच्या समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणामार्फत मिळतं. आमचं स्पेक प्रमाणपत्र देणारं नव्हतं, त्याला लागणारी माहिती एका जागी जमवणारं होतं.

गट चार. रत्नागिरीत कोडयादी, नौका आणि उतरण, मालवणात लिलाव, पुण्यात लेबल, प्रमाणपत्राचं काम एका निर्यातदाराच्या संगणक विभागातल्या दोघांकडे. मी समन्वयक. म्हणजे ज्याच्याकडे अधिकार कसलाच नसतो आणि फोन सगळ्यांचे येतात, तो.

मुहूर्त समुद्राने ठरवून दिला होता. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी नौकांना मासेमारीबंदी असते. नौका शाकारून ठेवलेल्या, जेटी मोकळी, नोंदी करणारी मुलं रिकामी. सगळ्या बंदरांवर नवं व्हर्जन एकदम चढवायचं तर हाच काळ, आणि ते एकदमच चढवायला हवं होतं. अर्ध्या बंदरांवर जुनी उतरण-नोंद आणि अर्ध्यांवर नवी असती, तर लिलावाच्या सॉफ्टवेअरला दोन्ही भाषा शिकाव्या लागल्या असत्या. बिगरयांत्रिकी होड्यांना ही बंदी लागू नसते, म्हणून पावसातही थोडीफार मासळी येत राहते. आमच्या चाचणीला तीच उपयोगी पडली. वरचा बांगडा मात्र खोटा होता, तो कुणीतरी टाइप केलेला.

माझा तक्ता

मे महिन्यात मी एक्सेलमध्ये तक्ता केला. सहा ओळी, प्रत्येकीपुढे जबाबदार माणसाचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात सहा वेळा एकच तारीख: २५ जुलै. पुढचे सहा दिवस हाताशी. तक्ता सगळ्यांना पटला. पटणारच, कारण त्यात कुणालाच दुसऱ्याकडे बघावं लागत नव्हतं.

१२ जूनला रत्नागिरीत पाऊस धरून राहिला होता, लाईट गेलेली होती आणि लॅपटॉपची बॅटरी चाळीस टक्क्यांवर होती. मुलीच्या चित्रकलेच्या वहीतलं एक पान घेतलं, सहा गोल काढले. मग एकेक स्पेक उघडून त्याच्या शेवटची संदर्भांची यादी वाचत गेलो आणि जो ज्याचा आधार घेतो त्याच्याकडून तिकडे बाण काढत गेलो. ती यादी मी तोपर्यंत नीट वाचलीच नव्हती. संदर्भांची यादी कोण वाचतो? पण आमचं खरं वेळापत्रक तिथेच लिहिलेलं होतं.

आमचे दोन नियम होते, दोन्ही उसने आणलेले. पहिला: कुठलंही स्पेक फायनल होण्याआधी १४ दिवस सगळ्यांच्या परीक्षणाला खुलं ठेवायचं. जकार्ता ईई म्हणजे जावा भाषेतल्या व्यावसायिक सॉफ्टवेअरसाठीच्या स्पेकचा खुला संच; त्याच्या स्पेसिफिकेशन प्रक्रियेत रिलीजचं मतदान १४ दिवसांचं असतं, तो आकडा तिथून उचलला. दुसरा: ज्यावर आपलं स्पेक टेकलेलं आहे ते फायनल झाल्याशिवाय आपलं फायनल होणार नाही. हा आयईटीएफच्या, म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, आरएफसींचा (तिच्या क्रमांक दिलेल्या प्रसिद्ध दस्तऐवजांचा) कायदा. तिथे संदर्भांचे दोन वर्ग असतात. एक बांधील, म्हणजे तो वाचल्याशिवाय हे स्पेक राबवताच येत नाही असा, दुसरा माहितीपुरता. बांधील संदर्भ प्रसिद्ध झालेला नसेल तर मंजूर झालेला मसुदाही संपादकांच्या रांगेत थांबून राहतो.

आता गोल आणि बाण. कोडयादी आणि नौका सगळ्यांत खाली, त्यांना कुणाचा आधार लागत नाही. त्यांच्यावर उतरण. उतरणीवर लिलाव आणि लेबल. लेबलावर प्रमाणपत्र. एकूण चार थर, प्रत्येकी १४ दिवस, म्हणजे ५६ दिवस. १२ जून ते ३१ जुलै, दोन्ही टोकं धरून, ५० दिवस.

हे गणित चौथीतल्या मुलीनेही केलं असतं, आणि पान तिचंच होतं. १ जूनला पहिला थर परीक्षणाला टाकला असता, तरी ६१ मधून ५६ जाऊन पाच दिवस उरले असते. यात कुणाचा आळस नव्हता. रात्री जागून सगळे मसुदे आठवड्याआधी संपवले असते, तरी परीक्षणाचे दिवस काही जागरणाने कमी झाले नसते.

त्याहून वाईट गोष्ट पानाच्या मध्यभागी होती. उतरणीच्या स्पेकमध्ये लिहिलं होतं: "डबा क्रमांकाच्या रचनेसाठी लेबलाचं स्पेक पाहा." लेबलाच्या स्पेकमध्ये: "उतरण क्रमांकाच्या रचनेसाठी उतरण-नोंदीचं स्पेक पाहा." दोन बाण, एकमेकांकडे तोंड केलेले. आमच्याच नियमाप्रमाणे या दोघांपैकी एकही कधीच फायनल होऊ शकत नव्हतं. उतरणीवाला गट रत्नागिरीत, लेबलवाला पुण्यात, आणि दोघेही दीड महिना एकमेकांना "तुमचं झालं की आमचं होईलच" असं सांगत होते. दोघांचंही खरं होतं.

रांगेत उभे राहिलेले इतर

हे दुखणं आमच्यापुरतं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण तोवर ते आपल्याला लागू पडेल असं वाटलं नव्हतं. ब्राउझरमधून थेट व्हिडिओ कॉल करता येतो त्यामागचं वेबआरटीसी घ्या. गुगलने आपला कोड २०११ मध्ये खुला केला. त्याची स्पेक दोन संस्थांत वाटलेली: प्रोग्रामरला दिसणारी बाजू वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे, तारेवरून काय जातं ते आयईटीएफकडे. आयईटीएफच्या बाजूला डझनावारी मसुदे बांधील संदर्भांनी एकमेकांना अडकलेले होते. आरएफसी संपादकांच्या रांगेत त्या जुडग्याला नंबरच होता, सी-२३८. त्यातले काही मसुदे मंजूर होऊन वर्षानुवर्षे केवळ शेजाऱ्याची वाट बघत बसले होते. जुडगं सुटलं ते जानेवारी २०२१ मध्ये, डब्ल्यूथ्रीसीने आपलं स्पेक पक्कं केलं त्याच सुमारास. तोवर लोक त्या मसुद्यांच्या जिवावर वर्षभराच्या लॉकडाउनमधल्या मीटिंगा करून मोकळे झाले होते.

त्यातली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच. त्या जुडग्यातली दोन स्पेक, आरएफसी ८८२९ आणि ८८४३, एका मुद्द्यावर एकमेकांशी विसंगत आहेत हे मंजुरीनंतर लक्षात आलं होतं. दुरुस्तीसाठी अख्खी रांग पुन्हा थांबवण्याऐवजी त्यांनी दोन्ही होती तशी प्रसिद्ध केली आणि ८८२९ च्या सुरुवातीलाच स्वतंत्र उपविभाग घालून लिहिलं की इथे विसंगती आहे, आम्हाला ठाऊक आहे, सुधारित आवृत्ती येईल. ती आलीही: ८८४३ ची जागा २०२२ मध्ये ९१४३ ने घेतली, ८८२९ ची २०२४ मध्ये ९४२९ ने. माहीत असलेला दोष लपवायचा नाही आणि त्याच्यापायी गाडीही रोखायची नाही. हा मार्ग मी तेव्हा नुसता वहीत टिपून ठेवला. लगेच लागेल असं वाटलं नव्हतं.

जकार्ता ईईमध्ये तर डझनावारी स्पेक एका प्लॅटफॉर्मखाली येतात, आणि तिथे कामाची आखणी लाटांनी करतात: कुणावर न टेकलेली स्पेक पहिल्या लाटेत, त्यांच्यावर टेकलेली दुसऱ्या लाटेत, आणि प्लॅटफॉर्म सगळ्यांच्या मागून. आवृत्ती ९ मध्ये, डिसेंबर २०२० ला, पॅकेजांच्या नावांतलं 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आलं, तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी उडी मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आवृत्ती ११ मध्ये मात्र छोटं कोअर प्रोफाइल डिसेंबर २०२४ लाच बाहेर पडलं आणि पूर्ण प्लॅटफॉर्म जून २०२५ मध्ये आला. जे तयार आहे त्याला तयार नसलेल्याच्या दावणीला बांधायचं की नाही, हा निर्णय दर वेळी वेगळा घ्यावा लागतो, एवढं त्यातून कळलं. 'थर' हा शब्द सोडून 'लाट' हा शब्द आम्ही तिथून घेतला. मालवणच्या गटातल्या ताईंना तो पटला नाही. "लाट आपल्या येळेर येता, आमची स्पेक येणत नाय," असं त्या म्हणाल्या. पण शब्द राहिला.

दीड पान

परीक्षण १४ वरून पाच दिवसांवर आणा, अशी सूचना निर्यातवाल्या दोघांकडून आली. चार लाटा, प्रत्येकी पाच दिवस, वीस दिवसांत काम फत्ते. मी नाही म्हटलं आणि त्यावर बराच वाद झाला. माझं म्हणणं होतं की किलो-ग्रॅमची चूक स्पेक लिहिणाऱ्याला कधीच दिसली नसती, कारण त्याच्या लेखी ती चूक नव्हतीच. ती वरच्या लाटेतल्या माणसाने शांतपणे वाचली तरच दिसते, आणि त्या माणसाला स्वतःचंही काम असतं. पाच दिवसांत तो फक्त "पाहिलं" असं उत्तर पाठवतो.

मग लाट कमी करायची कशी? पान पुन्हा पुढे ओढलं. एकमेकांकडे तोंड केलेल्या त्या दोन बाणांवर काय वाहतंय ते पाहिलं, तर दोन्हीकडून फक्त क्रमांकाची रचना. उतरणीला लेबलाचा रंग नको होता, आकार नको होता, क्यूआर कोड कुठे छापायचा तेही नको होतं. डबा क्रमांकात किती अंक, बंदराचं अक्षर पुढे की मागे, तपासणी-अंक (क्रमांक चुकीचा टाइप झाला तर पकडणारा अंक) कुठला, एवढंच हवं होतं. लेबलालाही उतरणीतलं वजन, वेळ, तांडेलाचं नाव काही नको होतं.

म्हणून सातवं स्पेक जन्माला आलं: क्रमांक-रचना. दीड पान. कुठल्याच गटाला ते लिहायचं नव्हतं, कारण त्याला राबवायला स्वतःचं असं सॉफ्टवेअरच नव्हतं. शेवटी १३ तारखेला मीच बसून लिहिलं. बंदराची दोन अक्षरं, वर्षाचे दोन अंक, सहा अंकी अनुक्रमांक, शेवटी तपासणी-अंक. नौकेच्या नोंदणी क्रमांकाला हात लावला नाही, तो 'आयएनडी-एमएच' पासून पुढे सरकारने ठरवलेला असतो. फक्त तो कधी आडव्या रेघांसह आणि कधी रेघांशिवाय लिहिला जातो, म्हणून साठवताना रेघा काढून साठवा एवढी ओळ नौकेच्या स्पेकमध्ये घातली.

ब्राउझर आणि वेबसाइट ज्या भाषेत बोलतात त्या एचटीटीपीवाल्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. विनंती म्हणजे काय, उत्तर म्हणजे काय, ४०४ चा अर्थ काय, हा सगळ्या आवृत्त्यांना समान असलेला भाग वेगळा काढून आरएफसी ९११० मध्ये ठेवला, एचटीटीपी १.१, २ आणि ३ आपापल्या आरएफसीत फक्त तारेवरची मांडणी सांगतात आणि अर्थासाठी ९११० कडे बोट दाखवतात. जून २०२२ मध्ये ही सगळी एकत्र प्रसिद्ध झाली. खालची वाहतूक करणारं क्विक मे २०२१ मध्येच आरएफसी ९००० म्हणून आलं होतं. त्यावर धावणारं एचटीटीपी-३ मात्र या समान भागासाठी वर्षभर खोळंबलं. वेगळं काढण्याचीही किंमत असते. आमचं दीड पान असल्याने आम्हाला ती दोन दिवसांत पडली.

नवं चित्र असं झालं. पहिली लाट: क्रमांक-रचना, कोडयादी, नौका. दुसरी: उतरण आणि लेबल, दोघं शेजारी शेजारी, एकमेकांकडे न बघता. तिसरी: लिलाव आणि प्रमाणपत्र. चाराच्या तीन लाटा झाल्या, ५६ चे ४२ दिवस. १५ जूनला पहिली लाट परीक्षणाला गेली. सगळं सुरळीत गेलं तर २९ जून, १३ जुलै, २७ जुलै.

विलवडे

१६ जूनला मी कुडाळची गाडी पकडली, तिथून मालवण. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू झालेलं होतं आणि गाडी विलवड्याला क्रॉसिंगसाठी उभी राहिली. एकेरी मार्ग, समोरून येणारी गाडी गेल्याशिवाय आपण हलायचं नाही. डब्यातलं कुणीही घड्याळाकडे बघत नव्हतं. पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि तो लागणारा जादा वेळ आधीच वेळापत्रकात छापलेला असतो, वाटेत विखरून. मी मात्र माझे मोकळे दिवस सगळे शेवटच्या स्टेशनवर नेऊन ठेवले होते. ते तिथे असले की पहिल्या लाटेची दिरंगाई पुढच्या प्रत्येकाची तारीख हलवते. पहिल्या लाटेच्या मागे ठेवले, तर तेवढी दिरंगाई तिथेच जिरते आणि पुण्याच्या मुलांना आपली रजा बदलावी लागत नाही. मालवणला उतरल्यावर पहिलं काम ते केलं. उरलेले चार दिवस २९ जूनच्या मागे टाकले. दुसरी लाट आता ३ जुलैला.

मी खरं तर गेलो होतो सुरमईसाठी.

कोडयादीत प्रत्येक मासळीपुढे अन्न आणि कृषी संघटनेचा तीन अक्षरी कोड होता. बांगड्याला आरएजी, तारलीला आयओएस, कुणाची हरकत नाही. सुरमईला मात्र दोन मासे लागू पडतात. अंगावर उभ्या पट्ट्या असलेली ती सीओएम, ठिपके असलेली ती जीयूटी. मालवणात म्हणाल तर इसवण, पण त्याने प्रश्न सुटत नाही. उतरणीच्या वेळी नौकेवरून पाट्या खाली येत असतात, पाऊस नाहीतर ऊन, मागे दुसरी नौका थांबलेली. त्या घाईत लहान सुरमई उचलून पट्टे की ठिपके बघणार कोण? उतरणवाले म्हणत होते, एकच कोड द्या. प्रमाणपत्रवाले म्हणत होते, जात नेमकी लिहिल्याशिवाय आमचा कागद चालणार नाही. दोघांपुढे कोडयादी सांभाळणारी मुलगी, दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून बाहेर पडलेली, तीन आठवडे रोज दोन्हीकडच्या मेलना उत्तरं देत होती.

लिलाव पुकारणारे एक काका तिथे बसले होते. त्यांना विचारलं, तुम्ही कसं ओळखता? "माका दिसता," ते म्हणाले, "पण दर तोच. मगे मी कित्याक सांगू?"

या एका ओळीपायी पहिली लाट २९ जूनला संपली नाही. मागे ठेवलेले चार दिवसही गेले. शेवटी वहीतली ती टीप काढली. अशा प्रसंगी गटाचा कोड उपलब्ध आहे: केजीएक्स, म्हणजे सुरमई वंशातली कुठलीही, नेमकी जात न सांगता. उतरण-नोंदीत केजीएक्स चालेल असं ठरलं. आणि कोडयादीच्या पहिल्या पानावर, मजकुराच्याही आधी, चौकट टाकली: या आवृत्तीत सुरमईची जात वेगळी करता येत नाही, त्यामुळे पकड प्रमाणपत्रासाठी ही नोंद पुरेशी नाही, हे आम्हाला माहीत आहे, दुसऱ्या आवृत्तीत सोडवू. ७ जुलैला पहिली लाट फायनल झाली. आठ दिवस उशीर.

ती चौकट छापली आणि प्रमाणपत्राचं स्पेक गाडीतून उतरलं. त्याचा पायाच अपुरा आहे हे आम्ही लिहून दिलं होतं, मग ते फायनल कसं करणार? निर्यातवाल्यांचा फोन आला. १ ऑगस्टला सगळं मिळणार असं त्यांनी वर सांगून ठेवलं होतं, आणि माझ्याच तक्त्याच्या भरवशावर सांगितलं होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा जुना कागदी रस्ता चालू होता, म्हणून माल अडला नाही. पण त्यानंतर ते दोघं मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसू लागले.

तीन तारखा

दुसरी लाट ७ ते २१ जुलै. इथे सांगण्यासारखं काही नाही. पुण्याच्या लेबलाला मालवणहून एकच हरकत आली: बर्फाच्या पाण्यात शाई पसरते. तो छपाईचा प्रश्न, स्पेकचा नव्हे, म्हणून बाजूला काढला.

तिसऱ्या लाटेत आता लिलाव एकटाच. २१ जुलै अधिक १४ म्हणजे ४ ऑगस्ट. बंदीच्या शेवटच्या दिवसानंतर चार दिवसांनी. माझा हात परीक्षण दहा दिवसांवर आणायच्या बेतात होता, आणि जूनमध्ये मीच घातलेला वाद आठवून थांबलो. मग जो प्रश्न मे महिन्यातच विचारायला हवा होता तो काकांना फोन करून विचारला: तुम्हाला हे नक्की कधीपासून हवंय?

काकांचं म्हणणं, १ तारखेला बंदी उठली म्हणून दर्या शांत होत नाही. काहीजण लगेच निघतील, बरेचजण नारळी पौर्णिमा होईपर्यंत बाहेर पडणार नाहीत. आणि पहिले पंधरा दिवस ते मोबाइलवर विश्वास ठेवणारच नव्हते, वही शेजारी चालूच राहणार होती. "तुमची चार तारीख माका चलता," म्हणाले. ३१ जुलै ही तारीख मी बंदीच्या आदेशावरून उचलली होती. ज्याला स्पेक वापरायचं त्याला ती कधीच विचारली नव्हती.

१ ऑगस्टला उतरण आणि लेबल बंदरांवर चालू झाली, ४ ला लिलावाचं स्पेक फायनल झालं, आणि ७ ला ते फोनवर चढलं. वजन ग्रॅममध्येच आहे. पावतीवर छापताना एक हजाराने भागतात.

दोन सवयी त्यानंतर अंगवळणी पडल्या. मसुद्याला आता क्रमांक असतो आणि एकदा लावलेला मसुदा बदलत नाही, एक स्वल्पविरामसुद्धा. मेव्हन सेंट्रल या जावाच्या सार्वजनिक कोड-भांडारावर टाकलेलं व्हर्जन जसं नंतर बदलता येत नाही तसंच. "उतरण-नोंद पाहा" असा संदर्भ आम्ही परत पाठवतो. "उतरण-नोंद, मसुदा ५" असं लिहावं लागतं. आणि प्रत्येक स्पेकच्या शेवटी दुसरी एक यादी जोडली: माझ्यावर कोण टेकलंय. बांधील भागात काही हललं की त्या यादीतल्या माणसांना फोन करायचा. मेल नाही, फोन. तिसऱ्या आणि पाचव्या मसुद्यामध्ये नेमका हाच फोन झाला नव्हता.

कोडयादीची दुसरी आवृत्ती येत्या १ जूनला परीक्षणाला जायची आहे. त्यात सुरमईच्या ओळीपुढे दोन फोटो हवेत, पट्ट्यांचा आणि ठिपक्यांचा, म्हणजे उतरणीवरच्या मुलाला मोबाइलवरच ताडून बघता येईल. फोटो काढायचं काम काकांनी स्वतःहून घेतलं. आजवर पट्ट्यांच्या सुरमईचे सोळा आले आहेत, ठिपक्यांच्या सुरमईचे दोन, त्यातला एक हललेला. प्रमाणपत्राचं स्पेक नवव्या मसुद्यावर उभं आहे.